मंजूर / नामंजूर

पुस्तक नवघर रोडच्या लायब्ररीतलं,
ब्राऊन पेपरचं कव्हर, आत कुणाच्या तरी हळदीचा डाग.
त्यातल्या शहरात कुणाकडेच स्वतःच्या दाराची किल्ली नसते.
एकदाच सगळ्यांच्या गोळा केल्या, वाजतगाजत,
आणि बदल्यात माणशी दिली
रात्रभर न मोडणारी झोप.

एकशेबाराव्या पानावर समासात
पेन्सिलीनं कुणीतरी विचारलंय,
'मग यात वाईट काय?'

मला हसू आलं.
तेवढ्यात मोबाईल वाजला. गेटवर यल्लव्वा.
चौकोनात तिचा चेहरा, खाली दोन बटणं.
मी न बघता हिरवं दाबलं.
अकरा वर्षं ती माझ्याकडची भांडी घासते
आणि गेली तीन वर्षं, रोज सकाळी सात दहाला,
मी तिला मंजूर करते.

कुणी जबरदस्ती केली नव्हती.
पुस्तकात निदान वर्दीतला माणूस येतो, दार ठोठावतो.
आमच्या सोसायटीत आला तो शिरगोपीकर नावाचा सेल्समन,
घामानं निथळत, टाय सैल करत.
मी त्याला कोकम सरबत दिलं,
वर विचारलं, अजून घेणार का?

ठराव माझ्याच अक्षरात आहे. सेक्रेटरी म्हणून सहीही माझी.
'गच्चीला कायमचं कुलूप. कारण : सुरक्षितता.'
खरं कारण तिसऱ्या मजल्यावरची ओवी
आणि कुणी एक मुलगा, टाकीच्या आडोशाला.
कॅमेऱ्यात त्यांच्या फक्त चपला आल्या होत्या,
चार चपला, एकमेकींकडे तोंड करून.
सभेत आम्ही त्या मोठ्या करून पाहिल्या.

कुणी हरकत घेतली नाही.
त्याच महिन्यात चोवीस तास पाणी सुरू झालं होतं.
मुंबईत चोवीस तास पाणी!
त्यासाठी माणूस गच्चीच काय,
वरचं आभाळही स्टॅम्पपेपरवर लिहून देईल.

आधी पाणी पहाटे साडेचारला यायचं.
आम्ही बायका गाऊनवर ओढणी टाकून खाली,
मोटार कुणी आधी लावली यावरून कचाकचा भांडायचो.
पेंढारकरांच्या सुनेचं बाळ गेलं
ते मला तिथेच कळलं, तिच्याच तोंडून.
बादली भरून वाहत राहिली,
कुणी नळ बंद केला नाही.
परवा तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं.
ते ग्रुपवर कळलं.
मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं,
आणि झोपले. झोप छान लागते हल्ली.

काल रात्री मात्र पुस्तक पालथं ठेवून उठले.
गच्चीची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये,
गॅसच्या जुन्या पावत्यांखाली.
दार करकरलं. वर कुणी नव्हतं.
पूर्वेला मिठागरांचा काळोख,
त्यापलीकडे ऐरोलीचे दिवे, खाडीत थरथरणारे.
किती वर्षांनी मी कुणाच्या परवानगीशिवाय
काहीतरी पाहत होते.

आणि मोबाईल थरथरला.
'गच्चीवर अनोळखी व्यक्ती.'
चौकोनात मी. विस्कटलेले केस, चष्मा कपाळावर.
खाली दोन बटणं.

अंगठा तसाच अधांतरी.
स्वतःला मंजूर करायचं, तर कुणाच्या वतीनं?
नामंजूर करावं, तर वॉचमन धावत येणार,
आणि 'मॅडम, तुम्ही?' म्हणणार.

मोठं काही घडलं नाही.
डास चावायला लागले, मी खाली आले.
खरं सांगते, बेडरूममधला एसी चालूच होता
आणि मला बरं वाटलं.

पुस्तक शनिवारी परत करायचंय.
चाळीसेक पानं राहिलीत.
समासातल्या प्रश्नाखाली मी उत्तर लिहिलं नाही,
खोडरबर शोधून आणलं, तेही वापरलं नाही.

सकाळी सात दहा.
स्क्रीनवर वर माझाच चेहरा, रात्रीपासून प्रलंबित,
त्याखाली रांगेत यल्लव्वा.
आज पहिल्यांदा नीट पाहिलं :
तिच्या नाकातली चमकी नाहीये.
कधीपासून?